टँकरच्या बिलात पाण्याची किंमत कुठेय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या पाण्यावर मागच्या आठवड्यात तुमच्याकडे पुन्हा अर्धं पान बातमी आली. महापालिका काय म्हणते, माजी नगरसेवक काय म्हणतात, कुठली योजना कुठे अडकलीय, सगळं होतं, सोबत सोसायटीच्या गेटमधून रिव्हर्स येणाऱ्या टँकरचा फोटो. फक्त त्या टँकरमधलं पाणी आलं कुठून, हे एका ओळीत पण नव्हतं. दरवर्षीच नसतं. म्हणून हे पत्र, आणि आधीच सांगते, लांब होणार आहे.

मी आमच्या सोसायटीची खजिनदार. निवडून वगैरे काही आले नाही, एजीएममध्ये कोणी हात वर करेना, शेजारचे काका म्हणाले या बँकेत होत्या, झालं. दोन विंग, १८४ फ्लॅट. या मे महिन्यात आम्ही १७१ टँकर घेतले, दहा हजार लिटरचा एक, दर २१०० रुपये. म्हणजे ३ लाख ५९ हजार १०० रुपये एका महिन्यात, फ्लॅटमागे साडेएकोणीसशे. लिफ्टचं काम दिवाळीनंतर ढकललं ते यामुळेच.

एवढे पैसे जातात तर नक्की कशाचे जातात ते तरी बघू म्हणून एकदा टँकरच्या ड्रायव्हरला गेटवरच्या खुर्चीत बसवून चहा दिला. पाणी कुठून भरता विचारलं तर म्हणे "पॉइंटवरनं". पॉइंट कुठेय, तर नुसता हसला. पण बाकीचा हिशोब त्यानं मोकळेपणानं सांगितला, भराईचे तीनशे, बाकी डिझेल, त्याचा पगार, गाडीचा हप्ता, मालकाचा नफा, आणि ट्रॅफिकमध्ये दोन फेऱ्यांची एक फेरी होते त्याचं नुकसान. भराईच्या तीनशेत पॉइंटवाल्याची जागा, पंप आणि वीज. विजेचं मी घरी बसून काढलं, शंभर मीटर खालून दहा हजार लिटर वर ओढायला पंप अगदी सुमार असला तरी सातेक युनिट लागतात, धरा सत्तर-ऐंशी रुपये. हे सगळं वजा केल्यावर पाण्याचे किती उरले? शून्य. २१०० रुपयांच्या बिलात पाणी सोडून बाकी सगळ्याची किंमत आहे. आम्ही महिन्याला साडेतीन लाख रुपये पाण्यावर नाही, वाहतुकीवर खर्च करतो.

आता कोणी म्हणेल, ताई, पाणी तर निसर्गाचं, त्याला कसली किंमत. ठीक आहे, पण किंमत नाही म्हणून ते कोणी जपून वापरत नाही हेही खरं ना. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यापासून आपल्याकडे असंच चालत आलंय की जमीन ज्याची, त्याच्या हद्दीखालचं पाणी त्यानं उपसावं. जमिनीला कंपाउंड घालता येतं, पाण्याला कसं घालणार? माझ्या प्लॉटखालचं आणि बाजूच्या प्लॉटखालचं पाणी एकच, खडकाच्या त्याच भेगांमधून फिरणारं, मी आज नाही ओढलं तर तो उद्या ओढणार, मग मी का मागे राहू. आणि तोही बिचारा असाच विचार करत असतो. ज्याचं बोअर खोल आणि पंप मोठा तो राजा, बाकीच्यांनी टँकर मागवा.

२०१९ साली काळबादेवीचं एक प्रकरण गाजलं होतं, आठवत असेल. एका जुन्या इमारतीच्या आवारातल्या विहिरींचं पाणी अकरा वर्षं टँकरवाल्यांना विकलं असा आरोप, आझाद मैदान पोलिसात गुन्हा, आणि आकडा ७३ कोटींचा. तो आकडा आला कसा, तर ६ लाख १० हजार टँकर गुणिले १२०० रुपये. बाकीचे लोक चोरीवर बोलत होते, माझं लक्ष त्या गुणाकाराकडे गेलं. पाणी चोरलं म्हणायला सुद्धा भाव टँकरचा लावावा लागला, कारण जमिनीखालच्या पाण्याचा स्वतःचा असा भावच कुठे लिहिलेला नाही.

अगदीच नाही असं नाही म्हणा. केंद्रीय भूजल प्राधिकरणाचे २०२० चे नियम आहेत, परवानगी घ्या, मीटर लावा, शुल्क भरा. त्यात हाउसिंग सोसायट्यांनाही दर आहे, महिन्याला ५० घनमीटरच्या वर उपसा गेला की घनमीटरला २ रुपये. घनमीटर म्हणजे हजार लिटर, म्हणजे एका टँकरएवढ्या पाण्याला वीस रुपये. वीस! २१०० देणारा माणूस वीस रुपयांसाठी हात आखडता घेईल का? आणि हेच नियम लावायला मुंबईत एप्रिल २०२५ मध्ये विहीर-बोअरवाल्यांना नोटिसा गेल्या तर टँकरवाल्यांनी संप केला, चार-पाच दिवसांत सोसायट्या कासावीस, महापालिकेला आपत्ती व्यवस्थापन कायदा काढावा लागला, शेवटी नोटिसा थांबल्या आणि गाड्या सुरू. माझा टँकरवाल्यांवर राग नाही, ते नसते तर आम्ही मे महिन्यात आंघोळीशिवाय राहिलो असतो. पण त्या चार दिवसांत एक कळलं, या एवढ्या मोठ्या शहराचा शेवटचा नळ जमिनीखाली आहे आणि त्याचा कॉक कोणाच्या हातात आहे हे कोणालाच धड माहीत नाही.

आता आमच्या शेजारची गोष्ट सांगते, खरं तर त्यासाठीच पत्र लिहायला बसले.

आमच्या कंपाउंडला लागून टॉवर येतोय, तीन मजली बेसमेंटवाला. डिसेंबरपासून खोदकाम. आधी लाल माती, मग मुरूम, मग काळा पत्थर. पत्थराच्या बाजूंमधून पाणी झिरपायला लागलं, आणि काम कोरडं हवं म्हणून त्यांनी खड्ड्यात पंप टाकले. चार इंची पाइप, कंपाउंडच्या पत्र्याखालून बाहेर काढलेला, थेट रस्त्याकडेच्या गटारात. पहिले पंधरा दिवस गढूळ आलं, नंतर स्वच्छ. रात्री बारा वाजता बेडरूममध्ये त्या पाण्याचा आवाज यायचा, माझ्या सासूबाईंना वाटायचं पाऊस पडतोय.

एप्रिलमध्ये एका संध्याकाळी मी २० लिटरची बादली घेऊन गेले, वॉचमनच्या मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. बादली भरायला पाच सेकंद. चार वेळा मोजलं, कधी साडेचार, कधी साडेपाच. म्हणजे सेकंदाला चार लिटर, तासाला १४ हजार ४०० लिटर. पंप दिवसातून नुसता आठ तास चालला धरा, तरी साडेअकरा टँकर. आम्ही विकत घेत होतो रोज साडेपाच! आणि मजा बघा, आमचा टँकर गेटमधून आत येताना त्याच गटारावरच्या जाळीवरून यायचा. वरून २१०० रुपयांचं पाणी आत, खालून फुकटचं पाणी खाडीकडे. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, इथे तर कुत्र्यालाही मिळालं नाही.

बादलीतलं पाणी आमच्या प्लंबरच्या टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यातले क्षार मोजतात त्यावर, चारशेच्या आसपास आलं. पिऊ नका, पण फ्लशला, बागेला, गाड्या धुवायला काय झालं? मी साइट ऑफिसला गेले. इंजिनिअर मुलगा चांगला होता, म्हणाला "मॅडम, घेऊन जा पाणी, आमचं काय जातंय, उलट गटार तुंबल्याची तक्रार तरी येणार नाही. पण पाइप तुमचा, आणि आमच्याकडे लेखी काही मागू नका." प्लंबरनं पाइप, टाकी, छोटा फिल्टर, बूस्टर पंप धरून ६२ हजार सांगितले. मी कमिटीपुढे ठेवलं. मग आमच्याकडे सुरू झालं, परवानगी कोणाची घ्यायची, उद्या कोणाला खाज सुटली तर जबाबदार कोण, बिल्डरकडून आपण उपकार का घ्यायचे, बी विंगला जास्त गेलं तर. तीन मीटिंग. ६२ हजार म्हणजे तीस टँकर, म्हणजे साडेपाच दिवसांचा खर्च, आणि आम्ही त्यावर दोन महिने बोललो. जून उजाडला, पाऊस आला, विषय संपला. बिल्डरला नावं ठेवायच्या आधी हे सांगायला हवं.

तर २०२० च्या त्या नियमांत असा बांधकामाचा उपसा पण येतो, त्यालाही परवानगी आणि शुल्क आहे. पण समजा त्यांनी परवानगी घेतलीय, शुल्कही भरलंय. तरी पाणी गटारातच गेलं ना? शुल्क भरलं की फेकायचा हक्क मिळतो, शेजाऱ्याला देण्याचं बंधन नाही. नियम करणाऱ्यानं एक ओळ घालायला हवी होती, उपसलेलं पाणी आधी पाचशे मीटरच्या आतल्या सोसायट्यांना, गावठाणाला, फायर ब्रिगेडला, बागेला विचारा, कोणी नको म्हणालं तरच गटारात सोडा. ठाण्यात आज किती बेसमेंट खोदली जातायत ते घोडबंदर रोडवरून बसनं एकदा गेलात तरी मोजता येईल.

दुसरी गोष्ट आमच्याच पापाची आहे. सहा वर्षांपूर्वी आमचं पहिलं बोअर आटलं तेव्हा कमिटीनं दुसरं मारलं, ४२० फूट. पाणाडी पण आणला होता, नारळ घेऊन. हसू नका, आमच्यात दोन आयआयटीवाले आहेत आणि दोघंही त्याच्या मागून मोबाइलवर व्हिडिओ काढत फिरत होते. गाडी आली, रात्रभर धूळ उडाली, पहाटे पाणी लागलं, सगळ्यांनी पेढे खाल्ले. आमच्या मागच्या बाजूला गावठाण आहे, तिथे एक जुनी दगडी विहीर, पंधरा-वीस घरं अजून वापरतात. पुढच्या उन्हाळ्यात तिथले एक आजोबा ऑफिसात आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, "ताई, तुमचं बोरिंग झाल्यापासून आमची विहीर होळीलाच तळ दाखवते. आधी मे काढायची." आमचे तेव्हाचे सेक्रेटरी म्हणाले, आजोबा, बोअर आमच्या जागेत आहे, तुमच्या विहिरीशी काय संबंध, पुरावा आहे का. आजोबा गेले. पुरावा कुठून आणणार ते?

पण मला आता वाटतं की आम्ही दीड-दोन लाख रुपये खर्च करून नवीन पाणी शोधलंच नव्हतं, बरचसं त्यांच्याच विहिरीचं खालून ओढून घेतलं होतं. आपला सगळा खडक बेसॉल्ट, त्याच्या पोटात वाळूसारखी जागा नाही, वरचा झिजलेला थर आणि मधल्या भेगा, एवढीच टाकी. टाकी एकच, आम्ही फक्त लांब स्ट्रॉ घातली. मग बाजूच्या कॉम्प्लेक्सनं ५०० फुटांचं मारलं आणि आमचं बोअर रोज तास-दोन तास कमी चालायला लागलं. म्हणजे आजोबांना जे आम्ही केलं तेच आम्हाला बाजूच्यांनी केलं. प्रत्येकानं खर्च केला, पाण्याचा एक थेंब वाढला नाही. बँकेत असताना असा व्यवहार कोणी कर्जाला आणला असता तर मी फाइल परत केली असती.

खाडीच्या बाजूला तर अजून एक भानगड. कोळशेतकडे माझी मैत्रीण राहते, त्यांच्या बोअरचं पाणी आधी गोडं होतं, आता गिझरची कॉइल वर्षात जाते आणि नळाच्या तोंडावर पांढरा थर धरतो. खाडीजवळ गोडं पाणी जास्त उपसलं की मागून खारं आत सरकतं, आणि एकदा आत आलं की ते सहजासहजी परत जात नाही. हे नुकसान कोणाच्या खात्यात लिहायचं?

यावर उपाय नाही असं अजिबात नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम नावाच्या बाई होत्या, अमेरिकेतल्या, २००९ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या पहिल्या बाई. त्यांनी पीएचडीला विषय घेतला होता लॉस एंजेलिसच्या समुद्राकाठच्या भूजलाचा. तिथेही हेच, शहरं, तेल कंपन्या, पाणी विकणाऱ्या कंपन्या, सगळे ओढत सुटले आणि समुद्राचं खारं पाणी विहिरीत घुसायला लागलं. १९४५ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं, पण कोर्टानं निकाल देईपर्यंत सगळेच बुडू हे त्यांच्या लक्षात आलं, म्हणून उपसणारे स्वतःच एका टेबलाशी बसले, कोण किती उपसतो ते सगळ्यांसमोर मांडलं, आणि सगळ्यांनी ठरवून उपसा कमी केला. १९५९ ला मतदान घेऊन एक वेगळी संस्था काढली, जो जितकं उपसेल त्यानं तितके पैसे द्यायचे, आणि त्याच पैशातून जमिनीत पुन्हा पाणी भरायचं. किनाऱ्यालगत तर बोअरमधून गोडं पाणी आत सोडून खाऱ्या पाण्याला अडवायला भिंतच केली. हे सगळं सरकारनं वरून लादलं नाही आणि पाणी एका मालकाला विकूनही टाकलं नाही. नोबेल त्यांना अशाच सगळ्या अभ्यासासाठी मिळालं, सामाईक गोष्ट लोक स्वतः सांभाळू शकतात हे दाखवल्याबद्दल.

पण आपल्याला त्यासाठी लॉस एंजेलिसला जायची गरजच काय. माझं माहेर संगमनेर तालुक्यातलं. आजोबांच्या वेळेपासून चार भावांची एक विहीर, त्यावर बारी. सोमवार-मंगळवार आमची, पुढे चुलत्यांची. बारी मोडली तर भांडण व्हायचं, डोकी पण फुटलीयत, पण विहीर टिकली, कारण समोर दिसायची. पाणी किती खाली गेलं ते सगळ्यांना काठावरून दिसायचं. बोअर आली आणि पाणी दिसेनासं झालं. आता भाऊ, चुलतभाऊ, प्रत्येकाचं वेगळं बोअर, भावाची तीन फेल गेलीत, कर्ज अजून चालू आहे, आणि विहिरीत कबुतरं राहतात. हिवरे बाजारनं याच्या उलट केलं, पाऊस किती पडला ते मोजून गावानं पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावर पिकं ठरवायची, शेतीला बोअर घ्यायचं नाही, ऊस-केळी नाही. पोपटराव पवारांचं नाव सगळे घेतात, पद्मश्री दिली, पण त्या ताळेबंदाची नक्कल किती गावांनी केली? नगरपालिकांचं तर विचारूच नका.

देशात भूजलाचा वर्षाचा उपसा २४५ अब्ज घनमीटरच्या घरात आहे आणि त्यातला ८७ टक्के शेतीला जातो, त्यामुळे शहरवाल्यांनी शेतकऱ्याकडे बोट दाखवणं सोपं आहे. आपल्याकडे २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाला वीज मोफत झाली. भावाला त्याचा फायदा होतो, मी कशाला वाईट म्हणू. पण बटण चालू ठेवायला काहीच पडत नसेल तर ते बंद कशाला होईल? पंजाबनं २०१८ मध्ये वेगळं करून बघितलं, शेतकऱ्याला ठरलेला युनिटचा कोटा द्यायचा आणि वाचवलेल्या प्रत्येक युनिटला ४ रुपये रोख. म्हणजे सवलत काढून न घेता वाचवायला कारण द्यायचं. मला ही आयडिया भारी वाटली, आणि ती सोसायटीलाही लागू पडते.

कशी ते सांगते. आमच्याकडे टँकरचा खर्च सगळ्या फ्लॅटवर सारखा. ७०२ मध्ये दोघं म्हातारी नवरा-बायको, त्यांना १९५०, वरच्या मजल्यावर सहा माणसं, दोन गाड्या रोज पाइपनं धुतात, त्यांनाही १९५०. उपविधीत पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि साइजवर आहे, किती पाणी वापरलं त्यावर नाही. म्हणजे जमिनीखाली जो घोळ आहे तोच घोळ आमच्या पाइपलाइनमध्ये, सामाईक पाणी आणि मोजमाप नाही. मी फ्लॅटला मीटर लावायचा ठराव आणला तर सगळ्यात जास्त विरोध कोणी केला असेल ओळखा. (गाड्या धुणारे नव्हेत, तीन बाथरूमवाले.)

आता पावसाचं गणित. ठाण्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर, त्यावर अडीच मीटर पाणी, म्हणजे दहा हजार घनमीटर, म्हणजे एक कोटी लिटर. एका एकरावर वर्षाला हजार टँकर आभाळातून पडतात. हे मी एजीएममध्ये सांगितलं तर लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण पुढचं ऐकायला कोणी थांबलं नाही, म्हणून इथे सांगते. सगळं पाणी मुरत नाही. आपला खडक ऑगस्टपर्यंत भरून जातो, त्यानंतर ओतलं ते वाहूनच जाणार. शिवाय आमच्या प्लॉटवर माती उरलीय कुठे, खाली पोडियम, वर पेव्हर ब्लॉक. रेन वॉटर हार्वेस्टिंगचा खड्डा आहे, ओसी म्हणजे भोगवटा दाखला घेताना केलेला, उघडून बघितला तर आत गाळ आणि एक चप्पल. तरीही दहा टक्के जरी मुरलं तर एकराला शंभर टँकर होतात, दोन लाख दहा हजार रुपये. खड्डा साफ करायला गेल्या महिन्यात ११ हजार लागले.

पण इथे अजून एक मेख आहे. मी पाणी मुरवलं आणि शेजाऱ्यानं ५०० फुटांच्या बोअरनं ओढून टँकरवाल्याला विकलं तर? मुरवण्याचा खर्च माझा, फायदा त्याचा. म्हणून कोणी मुरवत नाही, ओसीपुरता खड्डा करतो. नुसत्या सक्तीनं हे होणार नाही, उपसणाऱ्याला पैसे पडले पाहिजेत आणि मुरवणाऱ्याला सूट मिळाली पाहिजे, आणि दोन्ही एकाच वहीत.

माझं म्हणणं फार मोठं नाही. एक, प्रत्येक बोअरला मीटर, सोसायटीचं असो, हॉटेलचं असो, टँकर पॉइंटचं असो, आणि रीडिंग गेटवर लावायचं. संगमनेरच्या विहिरीसारखं, दिसलं पाहिजे. दोन, टँकर पॉइंट कुठे आहेत त्याची यादी महापालिकेनं जाहीर करायची, आणि तिथलं शुल्क वीस रुपयांत भागेल असं नको, उन्हाळ्यात जास्त, पावसाळ्यात कमी. ते पैसे मंत्रालयात जायला नकोत, त्याच वॉर्डात खड्डे, तलाव आणि विहिरी साफ करायला वापरा. आपण तलावांचं शहर म्हणून मिरवतो, मासुंदा, उपवन, कचराळी, सगळीकडे लायटिंग केलं, काठाला काँक्रीट घातलं, पण तलावाचं पाणी जमिनीत मुरलं तर आजूबाजूच्या बोअरला फायदा होतो हे सुशोभीकरणाच्या टेंडरमध्ये कोणाला आठवत नाही. तीन, बेसमेंटच्या पाण्याचं वर सांगितलंच.

कायदे कमी नाहीत. १९९३ च्या कायद्यात सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवीन विहीर खोदायला बंदी होती, नंतर २००९ चा भूजल अधिनियम आला, २०१४ पासून लागू झाला, त्यात अधिसूचित क्षेत्रासाठी पाणलोट समिती, वापराचा आराखडा, सगळं आहे. पण ते गाव आणि पीक डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय. घोडबंदर रोडला पीक टॉवरचं आहे, त्याची समिती कोण करणार? आणि कोकण पट्टा सरकारी वर्गवारीत बहुतेक "सुरक्षित", कारण मोजणी अख्ख्या तालुक्याची सरासरी धरून होते. त्या सरासरीत आमची गल्ली कुठे दिसणार?

माझी नणंद वाशीला राहते, ती म्हणते, तुम्ही ठाणेकर उगाच किचकट करता, आमच्यासारखं स्वतःचं धरण घ्या. त्यांच्याकडे मोरबे आहे, बरोबर आहे तिचं. ठाण्याला इतकी वर्षं आपण तेच ऐकतोय, स्वतःची योजना २५०, एमआयडीसी १३५, स्टेम ही पाणी कंपनी ११५, मुंबई महापालिका ८५, एकूण रोज ५८५ दशलक्ष लिटर, आणि लोकसंख्या कुठच्या कुठे गेली. धरण व्हावं, जरूर व्हावं. पण ते होईपर्यंत आमच्या पायाखालची टाकी रिकामी करायची का, आणि धरण झाल्यावर पाणी आलं की कोण विचारणार आहे त्या टाकीला.

आम्ही आमच्यापुरतं एक सुरू केलंय. दर रविवारी सकाळी, रात्रभर पंप बंद ठेवून, प्लंबर आणि मी बोअरच्या तोंडातून नट बांधलेली सुतळी सोडतो आणि पाणी किती खोल आहे ते रजिस्टरमध्ये लिहितो. मार्चमध्ये ३८ मीटर, मेअखेर ५२. त्यात बाजूच्या खड्ड्याचा हात किती, आमच्या उपशाचा किती, पलीकडच्या ५०० फुटीचा किती, हे मी एकटी नाही सांगू शकत, पण आजूबाजूच्या पाच-सहा सोसायट्यांनी असंच लिहिलं तर सांगता येईल. दोन सोसायट्या तयार झाल्यात. गावठाणातल्या आजोबांकडेही गेले होते, ते आता नाहीत, त्यांचा नातू आहे. तो म्हणाला, आमच्या विहिरीला दगडांवर खुणा आहेत मॅडम, आजा बघायचा रोज, मी लिहून देईन.

पत्र मोठं झालं हे मला कळतंय. जागेसाठी कापायचं असेल तर नोबेलवाल्या बाई कापा, माझी नणंद कापा. पाइपचा भाग तेवढा ठेवा, कारण त्या साइटच्या पलीकडे अजून एका टॉवरचं खोदकाम ऑक्टोबरला सुरू होतंय, आणि ते ६२ हजार मी या वेळी आधीच मंजूर करून ठेवलेत.

आपली,
एका सोसायटीची खजिनदार,
घोडबंदर रोड, ठाणे (प.)